सोसायटीत तिघांना कावीळ झाली आहे. पाणी नेमकं कुठे बिघडतंय हे कसं शोधायचं?

विक्रोळीकर_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. विक्रोळीत आमची चार मजली, ३२ घरांची जुनी सोसायटी आहे. गेल्या महिनाभरात तिघांना कावीळ झाली. आधी तळमजल्यावरचा एक मुलगा, मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि आता माझी मुलगी. ती बारावीला आहे. बारा दिवस अंथरुणात होती, डोळे हळदीसारखे पिवळे, पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. डॉक्टर म्हणाले हिपॅटायटिस ए, पाण्यातून किंवा खाण्यातून होते. तिघांचा बाहेरच्या खाण्याचा काही समान धागा सापडत नाही. समान आहे ते पाणी.

पाणी पहाटे साडेचार ते आठ येतं. जमिनीखालची टाकी २० हजार लिटरची, तिथून पंपाने गच्चीवरच्या दोन टाक्यांत चढवतो. दिसायला पाणी नितळ आहे, वास नाही. टाक्या दिवाळीआधी धुऊन घेतल्या, पावती माझ्याकडे आहे.

परवा सभेत नुसता गोंधळ झाला. निम्मे म्हणतात नळालाच घाण पाणी येतं, निम्मे म्हणतात टाकीत दोष आहे. तिसरा गट म्हणतो प्रत्येक घरात आरओ बसवा आणि विषय संपवा. २०१९ मध्ये केंद्र सरकारने २१ शहरांच्या नळाचं पाणी तपासलं होतं, त्यात मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या कसोट्यांवर उतरले होते, हे मी सभेत सांगितलं. तर एकजण म्हणाले, "मग तुमच्या मुलीला कावीळ कशी झाली?" मला उत्तर देता आलं नाही.

शहर पाणी शुद्ध करतं म्हणजे नेमकं काय करतं, आणि आमच्या घरी येईपर्यंत ते कुठे बिघडू शकतं? कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

सिंहगडरोडवाला

दादा, मुलगी लवकर बरी होवो. जाणकार सविस्तर लिहितीलच, पण आज रात्रीपासून सगळ्यांनी पाणी उकळून प्यायला सुरुवात करा. चांगलं खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट ठेवायचं, झाकूनच गार करायचं. नुसतं कोमट करून उपयोग नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात आमच्या भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण निघाले तेव्हा आम्ही हेच केलं. किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात रोज नवीन नाव ऐकू यायचं. काल जिना चढणारा माणूस आज व्हेंटिलेटरवर. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तेव्हा पहिल्यांदा समजलं की एवढं साधं वाटणारं जुलाबाचं दुखणं पुढे नसांवर जाऊ शकतं. तेव्हापासून घरात उकळलेल्या पाण्याचं पातेलं आणि साध्या पाण्याचा हंडा वेगळा, तांब्यासुद्धा वेगळा. दात घासायलाही उकळलेलंच.

निवृत्त_पाणीपरीक्षक

दादा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काढली. रोज पाण्याच्या बाटल्या तपासणं हेच काम. थोडं लांबेल, पण वाचा.

तुमच्या सभेतल्या त्या गृहस्थांना उत्तर असं आहे: शुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं चांगलं असूनही दुसरं घातक असू शकतं. त्या सर्वेक्षणातले नमुने तुमच्या टाकीतून घेतलेले नव्हते.

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा, मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ ची मध्य वैतरणा. विहार-तुळशीभोवती राष्ट्रीय उद्यान आहे, तानसाभोवती अभयारण्य. तलावाच्या वर मोठी वस्ती नाही, कारखाना नाही, म्हणून आपलं कच्चं पाणीच मुळात चांगलं असतं. हे जंगल राहिलं म्हणून आपल्याला पुढचं काम झेपतं. नदीकाठच्या ज्या शहरांना वरच्या गावांचं सांडपाणी मिसळलेलं पाणी उचलावं लागतं, त्यांच्या केमिस्टना विचारा काय हाल होतात ते.

हे पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं. तिथलं सगळ्यात महत्त्वाचं काम एका टेबलावर चालतं, ते कोणाला दिसत नाही. त्याला जार टेस्ट म्हणतात. सहा काचेची भांडी ओळीने, प्रत्येकात एक लिटर तेच कच्चं पाणी. प्रत्येकात तुरटी, किंवा हल्ली तिच्या जागी जे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात ते, थोडं थोडं वाढत्या मापाने घालायचं. पाती आधी जोरात फिरवायची, मग अगदी हळू. सातव्या-आठव्या मिनिटाला पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके दिसायला लागतात. यंत्र थांबवलं की ते हळूहळू खाली बसतात. ज्या भांड्यात कमीत कमी औषधात वरचं पाणी काचेसारखं झालं, ते माप पूर्ण केंद्राला. उन्हाळ्यात एकदा लावलेलं माप बरेच दिवस चालतं. जुलैत तलावाचं पाणी चहासारखं येतं, तेव्हा एका पाळीत तीन-तीन वेळा जार लावावे लागतात. सकाळचं माप दुपारी चालत नाही.

गाळ काढण्याचा एवढा आटापिटा पाणी छान दिसावं म्हणून नसतो. जंतू मातीच्या कणांच्या आड राहिले तर क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी गाळ बसवायचा, मग वाळूच्या थरातून गाळायचं आणि शेवटी क्लोरीन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा असं लिहिलंय त्याचं कारण हे.

क्लोरीन मारतानाच थोडा जास्तीचा मारतात, म्हणजे जंतू मारून झाल्यावरही पाण्यात काही उरतो. यालाच आम्ही 'शिल्लक क्लोरीन' म्हणायचो. लोक तक्रार करतात की पाण्याला औषधाचा वास येतो. दादा, तो वास आला की मला बरं वाटायचं. पाइपात वाटेत काही शिरलंच तर त्याच्याशी लढायला एवढाच एक शिपाई पाण्यासोबत असतो. मानकाप्रमाणे नळापाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. तुमची कावीळ विषाणूचीच आहे, हे लक्षात ठेवा.

आता बिघडतं कुठे? पाणी साडेतीन तास येतं. उरलेले साडेवीस तास तुमच्या गल्लीतला पाइप रिकामा किंवा अर्धवट भरलेला असतो. पाइप भरलेला आणि दाबाखाली असला तर भोकातून पाणी बाहेर पडतं, घाण आत येऊ शकत नाही. पण पाणी बंद झालं आणि उरलेलं उताराकडे निघालं की पाइप आतून ओढ घेतो, आणि त्याच भोकातून बाहेरची ओल आत येते. बाहेर गटार असेल तर गटाराची. कर्नाटकात हुबळी-धारवाडला काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा अभ्यासकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले होते. एकाच शहरात, चोवीस तासवाल्या नळांपेक्षा ठरावीक वेळेच्या नळांमध्ये विष्ठेतले जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले.

एक प्रसंग सांगते. एका चाळीत आठवडाभरात पंधरा-वीस जणांना जुलाब झाले. आमचा माणूस सकाळी नऊला जाऊन नमुना घेऊन आला. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. लोक हातघाईवर आले. तिसऱ्या दिवशी मी स्वतः पहाटे चारला जाऊन चाळीच्या नळापाशी उभी राहिले. चावीवाल्याने चावी फिरवली, नळ आधी फुसफुसला, मग पाणी आलं. पहिल्या मिनिटाची बाटली भरली, दहाव्या मिनिटाची भरली. दोन्ही दिसायला सारख्याच. पहिलीत क्लोरीन शून्य, दहावीत व्यवस्थित. दोन दिवसांनी जंतूंचा निकाल आला, पहिली बाटली भरलेली आणि दहावी साफ. चाळीच्या जोडणीचा जुना लोखंडी पाइप गटार ओलांडून जात होता, आणि गटाराच्या पाण्यात बुडालेल्या भागात तो गंजून चाळणी झाला होता. रात्रभर त्यात जे मुरायचं ते सकाळी सगळ्यात आधी उठणाऱ्या बाईच्या हंड्यात जायचं. आधी उठणारी बाई म्हणजे ज्या घरात तान्हं मूल आहे तीच.

म्हणून तुम्ही सभेतले वाद बाजूला ठेवा आणि क्लोरीन मोजा. डीपीडीचं किट घ्या, त्यात क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं. ग्रामपंचायतीत ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब वापरतात, त्यात पिवळं होतं, पण ते रसायन अंगाला चांगलं नाही, त्यामुळे शक्यतो डीपीडीच. गोळी विरघळली की रंग लगेच पट्टीशी जुळवायचा, ठेवून नंतर बघायचा नाही. आणि ते पाणी ओतून द्यायचं.

चार ठिकाणी मोजा. पाणी सुटल्याच्या पहिल्या दोन मिनिटांत जमिनीखालच्या टाकीत पडणारी धार. तीच धार पंधरा मिनिटांनी. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी, एकदा सकाळी भरल्यावर आणि एकदा रात्री. आणि चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. क्लोरीन जिथे एकदम गायब होतो तिथे त्याला काहीतरी खातंय. तिथे शोधा.

दुसरं, एका रात्री पंप बंद, येणारा व्हॉल्व्ह बंद, आणि जमिनीखालच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा. टाकी अर्धी असताना करा, भरलेली असताना नाही. सकाळी पाणी खुणेच्या खाली गेलं असेल तर टाकी गळते. वर आलं असेल तर मला लगेच कळवा.

आणि दादा, या काविळीचं बीज अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सात आठवडे लागू शकतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात गेलेलं पाणी कालचं नाही, महिन्यापूर्वीचं आहे. तेव्हा आवारात काही खोदकाम, ड्रेनेज तुंबणं असं घडलं होतं का, आठवून बघा.

गच्चीवरचा_गडी

ताई, प्रतिसाद साठवून ठेवला आहे. एक शंका. आमच्याकडे आरओवाला आला होता, पाण्यात दोन तारा बुडवून पाणी तांबडं-काळं करून दाखवलं आणि म्हणाला बघा किती घाण. टीडीएस ७० दाखवला. आरओ घ्यावा का?

निवृत्त_पाणीपरीक्षक

तो प्रयोग करून माणसं घाबरवतात याचा मला फार राग आहे. तारेतून वीज गेली की ताराच झिजते, तिचा गंज पाण्यात दिसतो. पाण्यातले क्षार वीज वाहून नेतात म्हणून साध्या पाण्यात रंग येतो, आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून येत नाही. जंतूंचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. मानकात ५०० पर्यंत उत्तम मानलंय, तुमचे ७० आहेत. बोअरच्या खाऱ्या पाण्याला आरओ लागतो, तलावाच्या गोड पाण्याला नाही. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला बंदी घाला असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. शिवाय बरंचसं पाणी मोरीत जातं, आणि शुद्ध म्हणून साठलेल्या पाण्यात क्लोरीनचा अंशही उरत नाही. जंतूंची भीती असेल तर उकळा, किंवा चांगला यूव्ही लावा. पण टाकीत मैला झिरपत असेल तर दारोदार यंत्रं लावून काय करणार? त्याच पाण्याने भाजी धुणार, चूळ भरणार.

विक्रोळीकर_सेक्रेटरी

ताई, तुमचे उपकार कसे फेडू. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, दोघांनी मिळून.

पहिल्या दोन मिनिटांची धार: ०.४. पंधरा मिनिटांनी: ०.५. म्हणजे पालिकेकडून येणारं पाणी चांगलं आहे. जमिनीखालच्या टाकीत सकाळी आठ वाजता ०.२. त्याच टाकीत रात्री नऊला पाणी अजिबात गुलाबी झालं नाही. पुन्हा नवीन गोळी टाकून पाहिलं, तसंच. चौथ्या मजल्यावर दिवसभर शून्य.

मग खडूची खूण केली. सकाळी चार वाजता टॉर्च घेऊन गेलो, खूण दिसेना. आधी वाटलं पुसली गेली. काकांनी हात घालून बघितलं तर खूण पाण्याखाली होती. पाणी दोन बोटं वर आलं होतं. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसून राहिलो. माझ्या पोटात गोळा आला, ताई. एवढे दिवस मुलीला "भरपूर पाणी पी" म्हणून मीच ग्लास भरून देत होतो.

तुम्ही महिन्यापूर्वीचं विचारलं होतं. टाकीच्या पूर्वेच्या भिंतीपासून चार फुटांवर ड्रेनेजचा चेंबर आहे. तो तेव्हा तुंबून दोन दिवस वाहत होता. आम्ही माणूस बोलावून वरवर उपसून घेतला होता आणि विसरून गेलो.

निवृत्त_पाणीपरीक्षक

सापडलं तर. आता अजिबात वेळ घालवू नका. त्या टाकीतलं पाणी आजपासून पिण्याला नाही, स्वयंपाकाला नाही, भांड्यांना नाही. पहाटे पाणी येतं तेव्हा येणाऱ्या धारेला तात्पुरता नळ जोडून घ्या आणि प्रत्येक घराने पिण्याचं तिथून भरावं, तेही उकळून.

टाकी पूर्ण उपसा. पूर्वेची भिंत कोरडी होऊ द्या, दोन-तीन तासांत जिथे ओल फुटेल तिथे तडा आहे. नुसतं आतून प्लॅस्टर मारून थांबू नका. बाहेरचं पाणी दाबाने आत येतंय, आतलं प्लॅस्टर एका पावसाळ्यात सुटेल. आधी चेंबर मुळापासून साफ करून त्याची गळती बंद करा, जमलं तर ड्रेनेजची लाइनच टाकीपासून लांब हलवा, मग टाकीचं वॉटरप्रूफिंग. तुमच्या इमारतीचं वय बघता जमिनीवर ठेवायच्या टाकीचाही विचार सभेत मांडा. खर्च होईल, पण तिची गळती निदान डोळ्यांना दिसेल.

दुरुस्तीनंतर भिंती घासून धुवा, टाकी भरा आणि हजार लिटरला १५० ग्रॅम या मापाने ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला. ताजीच. उघडी पोती महिनोनमहिने पडली की पावडरीतला दम उडून जातो, नुसता चुना उरतो. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ टाकीत ओता. हेच पाणी पंपाने गच्चीवर चढवा, प्रत्येक घरात नळ उघडून वास येईपर्यंत सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. त्या रात्री कोणी नळाचं पाणी पिणार नाही, प्रत्येक दारावर चिठ्ठी लावा. सकाळी सगळं सोडून द्या आणि नव्याने भरा.

मलकापूरकर

हा धागा वाचताना अंगावर काटा आला. अवांतर होईल, पण सांगतो. कराडजवळ आमच्या मलकापूरला चोवीस तास पाणी आहे, मीटरप्रमाणे बिल. सुरुवातीला लोक म्हणायचे गावाला चोवीस तास पाणी कुठून पुरणार. उलट साठवायचं आणि सकाळी शिळं म्हणून ओतायचं बंद झालं. आमच्या घरातली टाकी आता रिकामीच असते. ताई म्हणतात तो दाबाचा मुद्दा आज नीट कळला. ओडिशात पुरीलाही २०२१ पासून नळाचं पाणी थेट पितात. मोठ्या शहरांनी हे मनावर घ्यायला पाहिजे.

विक्रोळीकर_सेक्रेटरी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. टाकी उपसली तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, हाताच्या पंजाएवढा तपकिरी ओघळ होता. त्याच्या मधोमध केसाएवढी चीर. बस, तेवढीच. चेंबर फोडून नवीन बांधला, लाइन आठ फूट लांब वळवली, टाकीचं काम झालं. ताईंच्या मापाने टीसीएल टाकली. खडूची खूण दोन रात्री केली, पाणी जागचं हललं नाही.

आता चौथ्या मजल्यावर रात्री नऊला ०.२ येतो. वॉचमनच्या टेबलावर वही ठेवली आहे, रोज सकाळ-रात्र आकडा लिहायचा. सभेत ज्यांनी मला तो प्रश्न विचारला होता, ते आता रोज सकाळचं मोजमाप स्वतः करतात. नवीन रुग्ण नाही. मुलगी कालपासून क्लासला जायला लागली.

ताई, एकच विचारायचं आहे. लोक विचारतात, उकळणं कधी थांबवायचं?

निवृत्त_पाणीपरीक्षक

मुलीची बातमी वाचून डोळे भरून आले. तिला अजून महिनाभर तेलकट देऊ नका, आणि दमवू नका.

इतक्यात थांबवू नका. क्लोरीन आहे म्हणजे आज पाणी ठीक आहे, पण जंतूंची तपासणी झालीच पाहिजे. आठवड्याच्या अंतराने दोन नमुने द्या, दोन्ही स्वच्छ आले की थांबवा. नमुना घरच्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मागा, तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, ते क्लोरीन तिथल्या तिथे थांबवतं. नाहीतर बाटलीतला क्लोरीन वाटेतच जंतू मारतो आणि निकाल खोटा चांगला येतो. बाटली आतून विसळायची नाही. नळाचं तोंड लायटरने शेकायचं, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवायची.

पहिला नमुना चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला, रात्री दहाच्या सुमारास घ्या आणि सकाळी प्रयोगशाळा उघडताच द्या. दुसरा पहाटेचा, पाणी सुटल्यावर पहिल्या दोन मिनिटांतला. निकाल आले की इथे टाका, मी बघते.